कायद्याचे ग्रंथालय आणि आपली कायदा शिकणारी मुले

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



समितीने मला नेहमीप्रमाणे कामगार चळवळीवर बोलायला सांगितले होते. मीच विषय बदलून घेतला. त्याला कारण आहे. आपल्या दिग्रसच्या वस्तीतली मुलं-मुली आता कायद्याच्या शिक्षणाला जाऊ लागली आहेत. कोणी यवतमाळला अमोलकचंद विधी महाविद्यालयात जाते, कोणी अमरावतीला, कोणी नागपूरला खोली करून राहते. ज्या घरात बापाने सातबारासुद्धा दुसऱ्याकडून वाचून घेतला, त्या घरातली पोर आज काळा कोट शिवायला टाकते. ही फार मोठी गोष्ट आहे. पण मध्यंतरी अशाच एका मुलीने मला जे विचारले ते माझ्या डोक्यातून जात नाही. ती म्हणाली, "काका, कॉलेजच्या लायब्ररीत पुस्तकं लय हायेत, पण त्यातलं कोनतं काढाव थेच समजत नाई. मंग गाइड वाचतो अन् पेपर देतो."

मी सूतगिरणीतला कामगार. शाळा दहावीतच सुटली. मी वकील नाही, प्राध्यापकही नाही. पण युनियनच्या कामामुळे पंचवीस-तीस वर्षे कायद्याची पुस्तके हाताळतो आहे. वकील साहेबांच्या ऑफिसात बाकड्यावर बसून, कोर्टाच्या आवारात उभा राहून, जे शिकलो त्या शिदोरीवर आज बोलणार आहे. गाइड वाचून परीक्षा पास होता येते, सनदही मिळते. पण ज्या दिवशी आपल्याच वस्तीतली एखादी बाई न्यायासाठी त्या नव्या वकिलाच्या समोर येऊन बसेल, त्या दिवशी गाइड काही बोलणार नाही. म्हणून हा विषय घरच्या मंडळींनीसुद्धा ऐकावा असे मला वाटते.

आपण सर्वजण २० मार्चला चवदार तळ्याचा क्रांतिदिन साजरा करतो. १९२७ साली काय घडले ते इथे शाळेतले पोरगेही सांगेल. पण त्यानंतर कोर्टात काय झाले? त्या वर्षीच्या डिसेंबरात महाडच्या काही सवर्ण मंडळींनी बाबासाहेबांवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर दिवाणी दावा दाखल केला आणि मनाई हुकूम मिळवला. त्या हुकुमामुळे डिसेंबरचा सत्याग्रह बाबासाहेबांनी तहकूब केला. हा दावा खालच्या कोर्टातून वर जात जात मुंबई हायकोर्टात पोचला आणि १७ मार्च १९३७ रोजी बाबासाहेबांच्या बाजूने निकाल लागला. म्हणजे ज्याला आपण एका दिवसाचा संग्राम म्हणतो तो कागदावर जवळजवळ दहा वर्षे चालला होता.

तो निवाडा छापलेला आहे. 'नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर' असे त्याचे नाव आणि बॉम्बे लॉ रिपोर्टर या निवाड्यांच्या मालिकेच्या ३९व्या खंडात १२९५ पानावर तो आहे. आज मोबाइलवर फुकट वाचायला मिळतो. मी एका वकील साहेबांना सोबत बसवून ओळीओळीने समजून घेतला. मला वाटले होते की न्यायमूर्तींनी समतेवर मोठे प्रवचन दिले असेल. तसे काही नाही. निकाल अगदी कोरडा आहे. वादी म्हणत होते की अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची आमची अनादी काळापासून रूढी आहे आणि रूढी म्हणजे कायदा. कोर्टाने म्हटले, तळे नगरपालिकेकडे आहे आणि तुम्ही म्हणता ती रूढी अनादी काळापासूनची आहे हे तुम्ही पुराव्याने शाबीत केले नाही. तळ्याभोवती सवर्णांची घरे होण्याआधीपासून अशी बंदी असेल हेच न्यायमूर्तींना संशयास्पद वाटले. वादी हरले ते पुराव्यावर.

आता बघा, हे का सांगतो? कायद्याच्या विद्यार्थ्याला निकाल कोणाच्या बाजूने लागला एवढे कळून भागत नाही. कोणत्या मुद्द्यावर लागला ते कळले पाहिजे. १९३७ साली आपल्या देशात संविधान नव्हते, कलम १५ आणि कलम १७ नव्हते. हातात होते ते फक्त रूढीचे शास्त्र आणि साक्षीपुरावा. वादींनी रूढीचे शस्त्र उगारले, ते रूढीच्याच नियमाने बोथट झाले. हे निवाडा मुळातून वाचला तरच कळते. गाइडमध्ये एका ओळीत 'आंबेडकर जिंकले' एवढेच येईल.

बाबासाहेब स्वतः पुस्तकांच्या बाबतीत कसे होते हे सर्वांना ठाऊक आहे. १९१६ साली त्यांनी लंडनला ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी नाव घातले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली परतावे लागले तेव्हा त्यांची पुस्तके ज्या जहाजाने येत होती ते महायुद्धात बुडाले. पुढे दादरला 'राजगृह' बांधले तेही पुस्तके डोळ्यांसमोर ठेवून. १९३५ साली ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५६ साली मुंबईत सिद्धार्थ विधी महाविद्यालय काढले. हे मी फार लांबवत नाही, कारण यावर आपण दर वर्षी ऐकतो. ऐकायचे राहते ते हे की आज आपल्या पोरांनी ते कपाट उघडायचे कसे.

तर मग आधी पत्त्याची गोष्ट. निवाड्याला पत्ता असतो, त्याला 'सायटेशन' म्हणतात. पुस्तकात 'ए.आय.आर. १९७३ एस.सी. १४६१' असे लिहिलेले दिसते आणि मुलं तेवढेच पाठ करतात. अरे, तो पत्ता आहे, पाठ करायचा मंत्र नव्हे. ए.आय.आर. म्हणजे ऑल इंडिया रिपोर्टर, १९७३ सालचा खंड, त्यातला सुप्रीम कोर्टाचा भाग, पान १४६१. तिथे गेले की केशवानंद भारतीचा खटला सापडतो. हा ऑल इंडिया रिपोर्टर कुठून निघतो माहीत आहे का? आपल्या विदर्भातून, नागपुरातून. व्ही. व्ही. चितळे यांनी तो १९२२ साली सुरू केला. दिल्लीतला वकीलही नागपुरात छापलेल्या पानाचा नंबर सांगतो, आणि आपल्या दिग्रसच्या पोराने ते पुस्तक हातात घेऊन पाहिलेले नसते. यवतमाळच्या, नागपूरच्या कोणत्याही जुन्या विधी महाविद्यालयात त्याच्या चामडी बांधणीच्या रांगाच रांगा दिसतील. एकदा तरी एक खंड खाली काढा, धूळ झटका आणि पान शोधून काढा.

अलीकडे नवी पद्धत आली आहे. २०२३ पासून सुप्रीम कोर्ट स्वतःच प्रत्येक निकालाला नंबर देते, म्हणजे कोणत्या कंपनीचे पुस्तक आहे याच्याशी संबंध राहत नाही. हायकोर्टातही तसेच. आपला जिल्हा नागपूर खंडपीठाखाली येतो, म्हणून तिथल्या निकालाच्या नंबरात 'एनएजी' अशी अक्षरे असतात. ती दिसली की समजा, आपल्याच खंडपीठाचा निकाल आहे.

पत्ता सापडला की पहिल्या पानावर बारीक अक्षरात सारांश असतो, त्याला 'हेडनोट' म्हणतात. बहुतेक मुलं तिथेच थांबतात. हेडनोट न्यायाधीशांनी लिहिलेला नसतो. तो छापणाऱ्यांच्या संपादकाने लिहिलेला असतो, सोयीसाठी. त्यावरून आत काय आहे याचा अंदाज घ्यावा, कोर्टापुढे मात्र आतला परिच्छेद वाचून दाखवावा लागतो. आणि कोणत्या कोर्टाचा निकाल आहे हेही बघावे. सुप्रीम कोर्टाने ठरवलेला कायदा संविधानाच्या कलम १४१ प्रमाणे देशातल्या सर्व कोर्टांवर बंधनकारक. मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या दिग्रस-दारव्ह्याच्या कोर्टावर बंधनकारक. मद्रासचा किंवा अलाहाबादचा निकाल दाखवता येतो, कोर्ट तो विचारात घेईल, पण त्याने बांधले जाणार नाही.

आता माझ्या स्वतःच्या क्षेत्रातली एक गोष्ट सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी जिनिंगमध्ये काम करणारा एक गडी माझ्याकडे आला. चौदा हंगाम एकाच ठिकाणी राबला होता. कापसाचा हंगाम संपला की घरी, दसरा-दिवाळीनंतर पुन्हा कामावर. वय झाले, काम सोडले आणि मालकाकडे ग्रॅच्युइटी मागितली. मालक म्हणाले, "तू हंगामी. हंगामी माणसाले ग्रॅच्युइटी नसते." मालकांचे नाव मी घेत नाही, त्याची गरजही नाही, कारण असे उत्तर पुष्कळ ठिकाणी मिळते. एका शिकलेल्या माणसाने कायद्याचे पुस्तक उघडून त्यालाच सांगितले की बरोबर आहे, कायद्यात दर वर्षाच्या नोकरीला पंधरा दिवसांचा पगार आहे आणि तुझे वर्ष तर कधी पूर्ण भरलेच नाही.

मी त्याला घेऊन एका म्हाताऱ्या वकील साहेबांकडे गेलो. त्यांनी १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा काढला, कलम ४ उघडले आणि माझ्या हातात दिले. म्हणाले, "वाच, पण पूर्ण वाच. जिथे थांबावं वाटते तिथे थांबू नको." मी वाचत गेलो. पंधरा दिवसांचा नियम संपतो, त्याच्या खाली 'परंतु' म्हणून एक परिच्छेद आहे. त्याच्या खाली आणखी एक 'परंतु' आहे. त्या दुसऱ्या परंतुत स्पष्ट लिहिले आहे की हंगामी कारखान्यातल्या कामगाराला दर हंगामाला सात दिवसांच्या वेतनाप्रमाणे ग्रॅच्युइटी द्यायची. मग साहेब म्हणाले, "आता मागे जा, कलम २ अ पहा. सलग नोकरी कशाला म्हणतात?" तिथे हंगामी कामगारासाठी वेगळा हिशेब आहे: कारखाना जितके दिवस चालला त्याच्या पंच्याहत्तर टक्के दिवस कामावर असला की वर्षाची सलग नोकरी धरतात. चौदा हंगाम गुणिले सात, अठ्ठ्याण्णव दिवसांचा पगार. तो गडी निरक्षर होता, पण हिशेब त्याने तोंडी आमच्या आधी केला.

कायद्याच्या मराठी भाषेत या 'परंतु'ला परंतुक म्हणतात. गरिबाचा हक्क पुष्कळदा परंतुकात लपलेला असतो. बरं, तो हक्क काढून घेणारी वाक्यंही तिथेच असतात. म्हणून कलम, त्याचे पोटकलम, परंतुक, स्पष्टीकरण आणि त्या कायद्याच्या सुरुवातीची व्याख्या, एवढे वाचल्याशिवाय कोणालाही 'तुला मिळत नाही' असे सांगू नये. ही शिकवण मला कॉलेजात नाही, त्या म्हाताऱ्या साहेबांच्या टेबलावर मिळाली. संशोधनाचे मार्गदर्शन म्हणतात ते दुसरे काय असते?

आणि त्याच गोष्टीची पुढची बाजू पहा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि ग्रॅच्युइटी आता सामाजिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ मध्ये गेली. हंगामी कामगाराचे सात दिवस तिथेही आहेत. पण आज कोणी जुने कलम ४ सांगत बसेल तर समोरचा वकील पहिल्याच मिनिटाला त्याला खाली बसवेल. कायद्याचे पुस्तक हातात घेतले की आधी ते कोणत्या साली छापले ते बघायचे.

फौजदारी कायद्यात तर फारच मोठी उलथापालथ झाली. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा, त्यांच्याही जागी नवे कायदे आले. आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक होते की तीनशे दोन म्हणजे खून आणि चारशे वीस म्हणजे फसवणूक. आता खुनाची शिक्षा कलम १०३ मध्ये आहे आणि फसवणूक ३१८ मध्ये. नव्या संहितेत कलम ३०२ उघडले तर धार्मिक भावना दुखावणाऱ्या शब्दांचा गुन्हा निघतो! म्हणून काही लोकांनी जुनी पुस्तके रद्दीत घातली. तसे करू नका. १ जुलै २०२४ च्या आधी घडलेल्या गुन्ह्याला जुनीच दंड संहिता लागते आणि तसे खटले अजून वर्षानुवर्षे चालणार आहेत. दोन्ही पुस्तके शेजारी शेजारी ठेवा आणि प्रत्येक प्रकरणात पहिला प्रश्न विचारा: घटना कोणत्या तारखेची?

तारखेचे महत्त्व आपल्या समाजाला फार जवळून कळले आहे. खैरलांजी आठवते ना? २९ सप्टेंबर २००६, भंडारा जिल्हा. भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. जुलै २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने फाशीची पंचवीस वर्षांची जन्मठेप केली. पण दोन्ही कोर्टांत अॅट्रॉसिटी कायद्याचे कलम टिकले नाही. आपण रस्त्यावर उतरलो, संताप केला आणि तो रास्तच होता. पण कायद्याच्या विद्यार्थ्याने पुढे जाऊन विचारले पाहिजे की का टिकले नाही. त्या वेळी कलम ३(२)(पाच) मध्ये असे शब्द होते की गुन्हा पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची आहे 'या कारणावरून' केलेला असावा. म्हणजे जात हेच कारण होते हे शाबीत करणे आले. आरोपीच्या वकिलाने जमिनीचे भांडण, जुने वैर असे काही पुढे केले की कलम सैल पडायचे. पुढे कायद्यात दुरुस्ती झाली आणि २६ जानेवारी २०१६ पासून ते शब्द बदलले. आता पीडित अनुसूचित जातीचा आहे हे 'माहीत असताना' गुन्हा केला असेल तरी कलम लागते. दोन शब्दांचा फरक आहे. पण २०१६ नंतरच्या घटनेत जर कोणी २०१० चा निकाल आपल्या विरोधात वाचून दाखवला आणि आपला वकील गप्प बसला, तर त्या घराचे किती नुकसान होईल याचा विचार करा.

दुसरे उदाहरण याच कायद्याचे. २० मार्च २०१८. पुन्हा २० मार्च, योगायोग पहा. त्या दिवशी सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींनी 'सुभाष काशिनाथ महाजन विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या खटल्यात निर्देश दिले की अॅट्रॉसिटीचा गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी करता येईल आणि अटकेआधी वरिष्ठांची मंजुरी लागेल. २ एप्रिलचा भारत बंद सर्वांच्या लक्षात आहे. मग ऑगस्ट २०१८ मध्ये संसदेने कलम १८अ घातले: चौकशीची गरज नाही, मंजुरीची गरज नाही. १ ऑक्टोबर २०१९ रोजी सुप्रीम कोर्टाच्याच तीन न्यायमूर्तींनी पुनर्विचार अर्जावर आधीचे ते निर्देश मागे घेतले. त्या तिघांत आपल्या अमरावतीचे भूषण गवई साहेब होते, जे पुढे मे २०२५ मध्ये देशाचे सरन्यायाधीश झाले. आणि १० फेब्रुवारी २०२० रोजी पृथ्वीराज चौहान यांच्या खटल्यात कलम १८अ वैध ठरले. मात्र प्रथमदर्शनी गुन्हाच दिसत नसेल तर कोर्ट अटकपूर्व जामीन देऊ शकते, असेही त्या निकालात आहे.

म्हणजे एकाच प्रश्नावर दोन वर्षांत चार टप्पे. आजही पोलीस ठाण्यात आपल्या माणसाला 'आधी चौकशी होईल, मग बघू' असे सांगितले जाते. तिथे नुसती घोषणा देऊन चालत नाही. कलम १८अ चा कागद पुढे ठेवावा लागतो. आणि जो मुलगा फक्त २०१८ चा निकाल वाचून थांबला तो आपल्याच माणसाला चुकीचा सल्ला देऊन परत पाठवेल. त्याची निष्ठा कमी नसेल, त्याने फक्त 'यानंतर काय झाले' हा प्रश्न विचारलेला नसेल. तो प्रश्न प्रत्येक निवाड्याला विचारायचा. कायदा बदलला का? मोठ्या खंडपीठाने फिरवला का? पुनर्विचार झाला का?

शिक्षकांचे काम काय असते याचेही एक उदाहरण विदर्भातलेच आहे. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. मथुरा खटला म्हणून तो ओळखला जातो. नागपूर खंडपीठाने पोलिसांना दोषी धरले, पण १९७८ साली सुप्रीम कोर्टाने त्यांना सोडले. पुढच्या वर्षी कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले: उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर. त्यांनी निकाल बारकाईने वाचून त्यातल्या तर्काची चूक दाखवली. त्यातून देशभर आंदोलन उभे राहिले आणि १९८३ साली कायदा बदलला. निकाल नीट वाचणाऱ्या चार माणसांपासून ही सुरुवात झाली. आपल्या पोरांना असे वाचायला शिकवणारे सर मिळाले तर त्यांचे पाय धरा, आणि ते वर्गाबाहेर भेटत नसतील तर त्यांच्या दारात जाऊन बसा.

आता मुलं म्हणतील, काका, हे सर्व कुठे मिळेल? आमच्या वेळी दिग्रसहून दारव्ह्यावरून यवतमाळला एस.टी.ने जायचे, पुस्तक मिळेपर्यंत दुपार, परतीची गाडी संध्याकाळी. झेरॉक्सला पैसे पुरले नाहीत तर हाताने उतरवून घ्यायचे. आज तसे राहिले नाही. इंडिया कोड नावाच्या सरकारी संकेतस्थळावर केंद्राचे आणि राज्याचे कायदे फुकट आहेत. सुप्रीम कोर्टाचे अधिकृत निवाडे २०२३ पासून ई-एससीआरवर फुकट मिळतात, त्यातले काही मराठी भाषांतरातही आहेत. भाषांतर समजून घ्यायला चांगले, पण त्याच्यावर सूचना असते की अंमलबजावणीसाठी इंग्रजी मूळच ग्राह्य धरावे. इंडियन कानून या संकेतस्थळावर जुने निवाडेही सापडतात, चवदार तळ्याचा तिथेच मिळेल. वकिलांच्या ऑफिसात एससीसी ऑनलाइन, मनुपत्र असते, ते पैशाचे असते. पण तुमच्या कॉलेजने त्याची वर्गणी भरली असेल तर विद्यार्थी म्हणून तुम्हाला ते वापरता येते. ग्रंथपालांना जाऊन विचारा. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे विधी महाविद्यालयाला ग्रंथालय नीट ठेवावेच लागते आणि कायदेविषयक मदत केंद्रही चालवावे लागते. विचारायला लाजू नका, तुम्ही फी भरलेली आहे.

एक सावधगिरी मात्र सांगतो. हल्ली पोरं मोबाइलला प्रश्न विचारतात आणि तो यंत्रमानव फडाफडा निवाड्यांची नावे सांगतो. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये, म्हणजे बाबासाहेब जिथे शिकले त्याच शहरात, दोन वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले निवाडे कोर्टात दाखल केले. विमान कंपनीविरुद्धचा खटला होता. निवाडे अस्तित्वातच नव्हते! कोर्टाने पाच हजार डॉलरचा दंड केला. यंत्राला विचारा, माझी मनाई नाही. पण त्याने सांगितलेला पत्ता स्वतः उघडून, पान डोळ्याने पाहिल्याशिवाय वहीत उतरवू नका.

शेवटी विहाराबद्दल. समितीपुढे मी एक मागणी ठेवली आहे आणि ती आज जाहीरपणे मांडतो. वाचनाच्या खोलीत जे लोखंडी कपाट रिकामे पडले आहे ते कायद्यासाठी द्यावे. निवाड्यांचे लाखो रुपयांचे खंड आपल्याला घ्यायचे नाहीत, ते फुकट वाचता येतात हे आताच सांगितले. मूळ कायद्याची पुस्तके, ज्यांना बेअर अॅक्ट म्हणतात, तेवढी घ्यावीत. एक पुस्तक शे-दोनशे रुपयांच्या आसपास येते. संविधान मराठी-इंग्रजी दोन्ही भाषांत पाहिजे. अॅट्रॉसिटी कायदा त्याच्या १९९५ च्या नियमांसकट पाहिजे, कारण तपास कोणी करायचा, पीडिताला मदत किती आणि कधी द्यायची हे सर्व नियमांत आहे आणि लोक नियम घेतच नाहीत. जुनी दंड संहिता आणि नवी न्याय संहिता, कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा, त्याच सालचा माहिती अधिकार, जमीन महसूल संहिता आणि कामगारांच्या नव्या संहिता. इंग्रजी-मराठी विधी शब्दकोश मिळाला तर उत्तम. बार कौन्सिलच्या परीक्षेलाही टिपणे नसलेले बेअर अॅक्ट सोबत नेता येतात, तेव्हा ज्याला त्यातून कलम शोधायची सवय आहे त्याला तिथे घाम फुटत नाही.

कपाटाची किल्ली कायद्याच्या विद्यार्थ्यांकडे राहावी, आळीपाळीने. रविवारी वंदना झाल्यावर दोन तास त्यांनी बसावे. एक वही ठेवावी. ज्याने जो प्रश्न आणला तो लिहावा, कोणता कायदा पाहिला, कोणते कलम, कोणता निवाडा, त्यानंतर काय झाले आणि कोणत्या तारखेला तपासले, हेही लिहावे. प्रश्न आणणाऱ्या घराचे नाव मात्र वहीत लिहू नये, वस्ती लहान आहे. पुढच्या वर्षी येणारी नवी मुलं ती वही वाचून शिकतील. इथले जे वकील साहेब आहेत त्यांनी महिन्यातून एकदा ती वही तपासावी, एवढी विनंती मी त्यांना केली आणि त्यांनी मान डोलावली आहे. आता सर्वांच्या समोर सांगितले म्हणजे त्यांना मागे फिरता येणार नाही.

विद्यार्थ्यांनी सल्लागार होऊ नये, तो अधिकार सनद मिळाल्यावर. त्यांनी कागद शोधून द्यावा आणि माणसाला योग्य दारात पोचवावे. तालुका विधी सेवा समिती हे ते दार. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला, तसेच कोणत्याही महिलेला, फुकट वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. १५१०० हा फोन नंबर त्यासाठीच आहे. आपल्या किती घरांना हे माहीत आहे? हात वर करायला लावत नाही, पण कपाटाच्या दारावर हा नंबर मोठ्या अक्षरात रंगवून घ्यावा.

महिला मंडळाने पहिल्या पाच पुस्तकांचे पैसे द्यायचे कबूल केले आहे. संविधानाची प्रत मी माझ्याकडून देतो आहे, आज सोबतच आणली आहे, अध्यक्षांनी ती स्वीकारावी. बाकीच्या पुस्तकांची यादी प्रवेशद्वाराजवळच्या फळ्यावर लावली आहे. ज्याला जे पुस्तक द्यायचे असेल त्याने यादीत त्या नावापुढे आपले नाव लिहावे. आणि देताना छपाईचे साल बघून घ्यावे. पुढच्या रविवारी वंदनेनंतर कपाट उघडेल. कायदा शिकणाऱ्या मुलामुलींनी थांबावे, मी चवदार तळ्याच्या निवाड्याच्या प्रती झेरॉक्स काढून आणतो, पहिल्या दिवशी तोच वाचू.

जयभीम. नमो बुद्धाय.